परवाना मिळाला, आता शस्त्र कोणते?

हा प्रश्न विचारणारी माणसे अलीकडे बदलली आहेत. पूर्वी विचारणारा बहुधा सराफ असे, पेट्रोल पंपाचा मालक असे, नाहीतर मोठा बागायतदार. आता एकट्या राहणाऱ्या डॉक्टरीणबाई विचारतात, जमिनीच्या व्यवहारात नुकताच पैसा हाती आलेला तरुण विचारतो. 'परवाना मिळतोय. रोज अंगावर बाळगायला चांगले रिव्हॉल्व्हर कुठले घ्यावे?' शस्त्र हवेच का, या वादात मी आज शिरत नाही. परवाना देणारे अधिकारी, म्हणजे शहरात पोलीस आयुक्त आणि जिल्ह्यात जिल्हादंडाधिकारी, ते विचारतातच. आपण त्यापुढचे बोलू.

इंग्रजी सिनेमे पाहून आलेल्या माणसाची पहिली निराशा दुकानातच होते. अमेरिकेतल्या दुकानात शेकडो नमुने मांडलेले असतात. आपल्याकडे लष्कर-पोलिसांची ९ मिलिमीटर किंवा .४५ची काडतुसे ज्यात चालतात, ती हातशस्त्रे कायद्याने 'निषिद्ध बोअर' ठरतात. सामान्य परवानाधारकाच्या वाट्याला येते ते मुख्यतः .३२. त्यातही दोन काडतुसे वेगळी: रिव्हॉल्व्हरचे लांबट, पिस्तुलाचे आखूड. एकाचे दुसऱ्यात चालत नाही. नुसते 'बत्तीसच्या गोळ्या द्या' म्हणून चालत नाही, हे दुकानदारही हसत हसत सांगतो.

कानपूरच्या सरकारी कारखान्याचे 'निर्भीक' २०१४ मध्ये बाजारात आले. वजन सुमारे ५०० ग्रॅम, किंमत तेव्हा सुमारे १ लाख २२ हजार रुपये, आणि 'महिलांसाठी' अशी जाहिरात. ऑगस्ट २०२३ मध्ये 'प्रबल' आले. ते काहीसे जड, सुमारे ७०० ग्रॅमचे. काडतुसे भरताना ते मधोमध मोडावे लागत नाही, गोळ्यांचे चक्र बाजूला उघडते. इशापूरच्या कारखान्याचे 'अशनी' हे पिस्तूल आहे. या झाल्या देशी वस्तू. पण गिऱ्हाइकाचा डोळा असतो जुन्या विलायती शस्त्रावर. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकाला आयात बंद झाली, त्यामुळे आजोबांच्या काळातली पिस्तुले हातोहात फिरत राहिली आणि त्यांच्या किमती आकाशाला भिडल्या. माझे स्पष्ट मत असे, की जुने विलायती नाव हा दर्जाचा पुरावा नव्हे. ज्याची स्प्रिंग ६० वर्षांपूर्वीची आहे, त्याचे कुळ काय विचारता?

मग दर्जा म्हणजे काय? रोज अंगावर बाळगायच्या शस्त्राची पहिली कसोटी नेम नव्हे. ते हातातून पडले तर काय होते, ही आहे.

१ ऑक्टोबर २०२४ ची पहाट आठवा. अभिनेते गोविंदा कोलकात्याला जायला निघत होते. जुहूच्या घरी परवान्याचे रिव्हॉल्व्हर ठेवताना ते हातातून निसटले, गोळी सुटली आणि त्यांच्याच पायात, गुडघ्याखाली शिरली, असे त्यांनी सांगितले. लोकांनी त्यावर विनोद केले. यंत्र जाणणाऱ्याला त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही.

इथे शब्दांचा घोळ मिटवू. आपण 'घोडा दाबला' म्हणतो तेव्हा बोटाने ओढायचा तो चाप असतो; खरा घोडा मागे असतो, तो पुढे आपटून काडतुसाच्या टोपीवर घाव घालतो. पुष्कळ जुन्या रिव्हॉल्व्हरांत विसावलेल्या घोड्याची चोच थेट टोपीला टेकलेली असते. शस्त्र घोड्यावर पडले की तो घाव टोपीवर बसतो. म्हणूनच अमेरिकेतले जुने लोक सहा घरांच्या चक्रात पाचच गोळ्या भरत आणि घोडा रिकाम्या घरावर ठेवत. १९४४ च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या जहाजावर एक रिव्हॉल्व्हर पोलादी डेकवर पडले, गोळी सुटली आणि एक खलाशी मेला. त्यानंतर स्मिथ अँड वेसन कंपनीने आतला अडसर बदलला. चाप पूर्ण ओढल्याशिवाय घोडा टोपीपर्यंत पोचूच नये, अशी ती पट्टी. त्याआधी कितीतरी वर्षे आयव्हर जॉन्सन कंपनी आपल्या रिव्हॉल्व्हरच्या घोड्यावर हातोडा मारतानाचे चित्र जाहिरातीत छापत असे. बढाई खरी, पण नेमक्या ठिकाणची. आणि हे फक्त जुन्याच शस्त्रांचे दुखणे नाही. २०१७ मध्ये एका नामांकित कंपनीला आपल्या आधुनिक पिस्तुलात, ते विशिष्ट कोनात पडले तर गोळी सुटते म्हणून, सुधारणा करून द्यावी लागली.

तेव्हा दुकानात पहिला प्रश्न हाच विचारा: यात घोडा अडवणारी पट्टी आहे का, आणि ती कशी काम करते ते रिकाम्या शस्त्रावर दाखवा. दुकानदार टाळाटाळ करू लागला तर दुसरे दुकान गाठा. जुने शस्त्र असेल तर घोडा मागे ओढून चक्र हलवून पाहा. ते खुळखुळत असेल तर गोळीचे घर नळीसमोर नीट येत नाही. नळीत उजेड धरून पाहा, आत गंजाचे खड्डे नसावेत.

दुसरी गोष्ट चापाची. घोडा न चढवता थेट चाप ओढायचा, तर रिव्हॉल्व्हरला साधारण पाच किलोचा जोर लागतो. तो जोर हीच खरी सेफ्टी आहे. पण पाचशे ग्रॅमच्या शस्त्राचा चाप पाच किलो जोराने ओढताना नळी हलते, नेम चुकतो. हलके ते बायकांना सोयीचे, हे जाहिरातीचे गणित आहे. बाईने स्वतः मुठीत धरून, एका बोटाने दहा वेळा चाप ओढून पाहावा, आणि मग ठरवावे. नवऱ्याने पसंत करून आणू नये.

तिसरी गोष्ट होल्स्टर, आणि तिच्यावर आपल्याकडे कोणी पैसा खर्चत नाही. लाखाचे शस्त्र आणि दोनशे रुपयांचे रेक्झिनचे पाकीट! काही जण तर पँटच्या खिशात किल्ल्यांबरोबर टाकतात. पर्समध्ये ठेवले, तर लिपस्टिकची नळी चापाच्या कडीत शिरते आणि पर्स खेचली गेली तर शस्त्रही जाते. चाप पूर्ण झाकणारे, ताठ, शस्त्र घट्ट धरणारे होल्स्टर हवे. २०१६ च्या शस्त्र नियमांतही सार्वजनिक ठिकाणी हातशस्त्र होल्स्टरमध्ये किंवा तशाच आवरणात, झाकलेले आणि आपल्या ताब्यात असावे अशीच अपेक्षा आहे. लग्नाच्या वरातीत शर्ट वर करून दाखवणे यात बसत नाही. हवेत बार काढला तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

काडतुसांचेही तसेच. परवान्यावर संख्या मोजकी, किंमत जास्त, म्हणून तीच सहा काडतुसे वर्षानुवर्षे चक्रात राहतात. घाम आणि तेल टोपीत मुरले की ऐनवेळी नुसता 'खट्' आवाज येतो. जुनी काडतुसे रायफल क्लबात सरावात संपवावीत, नवी भरावीत.

सरावाचा विषय निघाला म्हणून सांगतो. डेनिस ट्युलर या अमेरिकी पोलीस प्रशिक्षकाने १९८३ मध्ये एक हिशेब मांडला. चाकू घेतलेला माणूस एकवीस फूट, म्हणजे आपल्या मधल्या खोलीची लांबी धरा, सुमारे दीड सेकंदात पार करतो. तेवढ्या वेळात शर्ट वर करायचा, शस्त्र काढायचे, समोर कोण आहे ते ओळखायचे आणि नेम धरायचा. आणि गोळी झाडलीच, तर भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांपुढे, म्हणजे स्वसंरक्षणाच्या हक्काच्या मर्यादांपुढे, उत्तर द्यायचे. धोक्याच्या प्रमाणाबाहेर बळ वापरले तर हक्क सुटतो.

घरी परतल्यावर शस्त्र उशीखाली किंवा साड्यांच्या घडीत नको. भिंतीत ठोकलेली लहान तिजोरी, काडतुसे वेगळी, आणि किल्ली मुलांना ठाऊक नसलेल्या जागी. मुलांना कपाटातले सगळे ठाऊक असते, हे आईला विचारा.

एक विचारणा पत्रांतून वारंवार येते: वडिलांचे शस्त्र आहे, त्यांना आता झेपत नाही, काय करावे? धारकाचे वय ७० झाले किंवा शस्त्र २५ वर्षे त्याच्याकडे असले, तर २०१६ च्या नियमांप्रमाणे ते कायदेशीर वारसाच्या नावे करता येते. वारसाला स्वतःचा अर्ज करावा लागतो आणि त्याची पोलीस चौकशी होते. कोणालाच नको असेल तर पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करून पावती घ्यावी. ती पावती परवान्याच्या पुस्तकात ठेवा. निवडणुकीच्या वेळी ठाण्यातून फोन आला की तीच दाखवायची असते.