आजारपणाच्या दिवशी गप्प राहू नका
(मंडळीच्या सभेत केलेले भाषण)



१९७१ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये जिवंत दात्याच्या किडनीचे यशस्वी रोपण झाले. आज अशी माणसे आपल्या ओळखीतही आहेत. ऑपरेशन झाले, देवाचे आभार मानले, आता सगळे ठीक, असे आपल्याला वाटते. पण त्यांचे आजारपणाचे दिवस आपल्यासारखे नसतात.

शरीर नव्या किडनीला परकी समजते. त्याने तिच्यावर हल्ला करू नये म्हणून टॅक्रोलिमससारखी औषधे रोज, ठरलेल्या वेळी घ्यावी लागतात. किडनी चालू आहे तोवर ती थांबत नाहीत. मात्र याच औषधांनी रोगजंतूंशी लढण्याची ताकद कमी होते. म्हणून अंगात १००.४ फॅरनहाइट ताप असला, की "उद्या बघू" म्हणायचे नाही. त्याच दिवशी रोपण केंद्राला फोन करायचा.

गोळी उलटून पडली, तर मनाने दुसरी घेऊ नये आणि पुढची चुकवूही नये, विचारून घ्यावे. जुलाबात अंगातले पाणी कमी होते, किडनीवर ताण येतो, शिवाय टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी वाढू शकते. अंगदुखीसाठी दुकानातून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आणू नये. ती किडनीला घातक ठरू शकतात. झाडपाल्याचे औषध प्रेमाने दिले, तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. टॅक्रोलिमसची पातळी तपासायला जाताना सकाळची गोळी सोबत न्यावी आणि रक्त दिल्यावर घ्यावी.

हे नियम बहुतेकांना पाठ असतात. तरीही फोन उशिरा होतो. का? "आईने स्वतःची किडनी दिली, आता पुन्हा आजारी पडलो हे तिला कोणत्या तोंडाने सांगू?" हा विचार माणसाला गप्प बसवतो. गाडीभाडे, बुडणारी मजुरी, घरच्यांचे थकलेले चेहरे, हेही दिसत असते. आजारी पडणे म्हणजे देणाऱ्याचे दान वाया घालवणे नव्हे. वेळेवर सांगणे म्हणजेच त्या दानाची राखण करणे. हे आपण त्यांना मोठ्याने सांगितले पाहिजे.

मग आपण काय करावे? ताप-खोकला असेल तर भेटायला जाऊ नये. फोनवर प्रार्थना करावी. दहा जणांनी एकदम खोलीत बसू नये. पाड्यावरून शहर गाठायला अर्धा दिवस जातो, म्हणून एक पिशवी भरून ठेवायला मदत करावी: काही दिवसांची जादा औषधे, थर्मामीटर, रुग्णालयाची कागदपत्रे आणि मोठ्या अक्षरात लिहिलेला केंद्राचा फोन नंबर. रात्री गाडी कोण काढील, सोबत कोण जाईल आणि घरी मुलांना कोण जेवू घालील, ही नावे आजच ठरवावीत.

म्हणजे त्या दिवशी त्यांना कोणापुढे हात पसरावा लागणार नाही. फक्त एक फोन करावा लागेल.