मूकपटातल्या दोन कष्टकरी स्त्रिया



आम्ही कामगार चळवळीतले. सिनेमाच्या नटीवर आम्ही काय बोलणार, असे कुणाला वाटेल. पण नटी हीही कामकरी बाईच. त्याच नात्याने दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांची हकिकत आम्ही आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

३ मे १९१३ रोजी मुंबईत दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्यात तारामती झाले होते अण्णा साळुंके, उपाहारगृहात काम करणारे एक तरुण. दादासाहेबांनी बाईसाठी पुष्कळ शोध केला. वेश्यावस्तीत विचारले, तिथूनही नकार आला. आपल्याला याचे नवल वाटायला नको. पुरुषाने लुगडे नेसून द्रौपदी उभी करायची, हे आपण दशावतारात पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत.

त्याच वर्षी दादासाहेबांनी 'मोहिनी भस्मासुर' काढला. त्यात दुर्गाबाई पार्वती झाल्या आणि तेरा वर्षांची कमला मोहिनी झाली. आपल्या चित्रपटातल्या या पहिल्या स्त्रिया!

त्या का आल्या? कलेची ओढ असेलच. पण पोटही होते. दुर्गाबाई नवऱ्यापासून विभक्त झालेल्या, पदरी मुलगी. एकट्या बाईला त्या काळी वाटा थोड्या. त्यांनी फिरत्या नाटक मंडळीची वाट धरली. कमलाही अगदी लहानपणीच रंगभूमीवर उभी राहिली. कॅमेऱ्यापुढे आली तेव्हा तेरा वर्षांची ही पोर कामात मुरलेली होती.

आणि काम कसले? चित्रण उन्हाच्या उजेडावर चाले. पडद्याला आवाज नव्हता. नाटकात कमावलेला गळा तिथे मुका. सारे काही डोळ्यांनी आणि हातांनी सांगायचे.

एकदा दार उघडले म्हणजे ते उघडेच राहते असे नाही. १९१७ साली फाळक्यांच्याच 'लंकादहन'मध्ये सीता पुन्हा पुरुषच झाला. तेच अण्णा साळुंके, आणि रामही तेच!

पुढे कमलाबाईंचे लग्न नाटकातल्याच रघुनाथराव गोखल्यांशी झाले. ऐन पंचविशीत वैधव्य आले; तीन मुलगे वाढवायचे होते. बाई रडत बसल्या नाहीत. रंगभूमीवर उभ्या राहिल्या, पुरुषांच्या भूमिकाही केल्या, बोलपटांतही कामे केली. चंद्रकांत गोखले नट झाले, लालजी आणि सूर्यकांत तबलजी. विक्रम गोखले हे त्यांचे नातू. 

आमच्या मुंबईच्या गिरण्यांत वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत बायका राबत. कोकणातल्या घरांना त्यांच्या पगाराचा आधार असे, आणि तरी त्यांच्या पाठीमागे कुजबुज असे. पगार चालतो, पगार आणणारी मात्र खटकते, हा कुठला न्याय? नटीच्या वाट्याला हेच आले. म्हणून तिला नुसती देवी किंवा चांदणी म्हणून मोकळे होऊ नका. देवीला मजुरी द्यावी लागत नाही. कामकरी बाईला द्यावी लागते, आणि मजुरीबरोबर मानही.

आपल्याकडे आंब्याच्या पेट्या भरणारी बाई, रात्रपाळी करून पहाटे घरी येणारी परिचारिका, या साऱ्या दुर्गाबाईंच्याच वंशातल्या. दुर्गाबाईंचे नाव घ्यायचे असेल, तर आधी यांना नावाने हाक मारायला शिकू या.