परसातला माळा, त्याच्याच पायांवर

आम्ही सिंधुदुर्गातल्या एका वाडीतल्या बचत गटाच्या बायका बोलतोय. लोणची-पापड आज बाजूला ठेवलेत. शेतात रानडुकरांची राखण करायला माळा बांधतात, तो तुम्ही पाहिलेला आहे. तसाच माळा आम्ही घरामागे, परसातल्या रायवळ आंब्याला लागून, पोरांसाठी बांधला. त्याची हकीकत सांगतो.

परवाच्या वर्षी शिमग्यानंतर आमच्यातल्या एकीचा मुलगा त्या आंब्यावरून पडला. हात मोडला. घरातले पुरुष कोयता घेऊनच निघाले, खालच्या फांद्या तोडतो म्हणाले. तेव्हा तिच्या सासूबाई म्हणाल्या, "इथल्या फांद्या तोडाल, पोर शेजाऱ्याच्या झाडावर चढेल." हे सगळ्यांना पटलं. चढायचंच आहे तर नीट जागा करून देऊ, असं ठरलं.

पहिला माळा आम्ही चुकीचा बांधला, तेही सांगायला हवं. दोन फांद्यांना जाड तार आवळली आणि वर फळ्या टाकल्या. दिसायला झकास. पण पावसाळ्यानंतर बघतो तर तार सालीत रुतलेली आणि एका फांदीची पानं पिवळी. पानांत तयार झालेलं अन्न सालीतूनच खाली मुळांकडे जातं. चारी बाजूंनी साल आवळली की ती वाट बंद होते आणि फांदी हळूहळू मरते. ज्या फांदीवर पोरं बसणार, तिलाच आम्ही मारत होतो! तार कापून काढली, फळ्या उतरवल्या.

दुसऱ्या वेळी ठरवलं, झाडावर भार टाकायचाच नाही. माळ्याला स्वतःचे चार पाय द्यायचे, झाडाची फक्त सावली घ्यायची. मोडलेल्या गोठ्याचे चार जुने खांब होते. त्यांच्या बुडाला वाळवीसाठी डांबर फासलं आणि दोन-दोन फूट खड्ड्यात, तळाशी जांभ्याचा सपाट दगड ठेवून उभे केले. दगड नसला तर पावसात एखादा पाय खचतो आणि सगळा माळा कलतो. उंची सहा फूटच ठेवली. पोरांना दहा हवी होती, पण ती मागणी आम्ही मंजूर केली नाही.

खांब उभे केल्यावर वर चढून हललो, तर सैल खाटेसारखं करकरायला लागलं. मग दोन-दोन खांबांमध्ये तिरके बांबू फुलीसारखे बांधले आणि हलणं थांबलं. घाईत राहून जातं ते हेच, आणि माळे पडतात ते याच्याविनाच.

वरची बैठक माणग्याच्या बांबूची केली. माणगा जवळजवळ भरीव असतो, म्हणून वजन झेलतो. तीन-चार वर्षांचा जून बांबू दिवाळीनंतर तोडला आणि तीन आठवडे व्हाळाच्या वाहत्या पाण्यात दगडाखाली बुडवून ठेवला. त्यातला गोडवा पाण्यात निघून जातो, मग भुंगा लागत नाही. कोवळा बांबू फुकट मिळाला तरी घेऊ नका. बांधायला काथ्याचा सुंभ वापरला. तो सैलावतो, म्हणून दर पंधरा दिवसांनी प्रत्येक गाठीवरून हात फिरवतो.

बैठक आणि खोड यांच्यात चार बोटं जागा सोडली. वाऱ्यात झाड डुलतं, वर्षागणिक जाडही होतं. चिकटून बांधलं तर साल घासते. भोवती तीन फुटांचा कठडा आहे आणि त्यात उभ्या काठ्या इतक्या जवळ, की लहान मुलाचं डोकं अडकणार नाही. आडव्या काठ्या नकोत. पोरं त्यांचीच शिडी करतात.

पोरांना वर सोडण्याआधी भाताची आठ पोती रात्रभर ठेवली. पन्नास किलोचं एक, म्हणजे चारशे किलो. सकाळी कुठे वाकलं, कुठे गाठ सरकली ते पाहिलं. एक गाठ सरकली होती. ती पुन्हा बांधली आणि पुन्हा पोती चढवली. थोरल्या काकी म्हणाल्या, "लग्नालाही एवढी तपासणी केली नव्हती!"

झाड निवडताना शेवगा आणि गुलमोहर सोडा, त्यांच्या फांद्या अचानक मोडतात. नारळाखाली आणि फळं धरलेल्या फणसाखालीही नको, कारण उघड आहे. वर मधमाशांचं पोळं आहे का, तेही बघा.

वळवाच्या दिवसांत आमचा एकच नियम आहे. गडगडलं की माळा सोडून पक्क्या घरात यायचं. झाडाखाली वीज पडण्याचा धोका असतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप जवळपासच्या विजेची सूचना देतं. आमच्या दोघींच्या मोबाइलवर ते आहे.

आता मृगाआधी बैठक उतरवून पडवीत ठेवायची आहे, ओला बांबू निसरडाही होतो आणि कुजतोही. खांब तिथेच राहतील. हात मोडलेला मुलगा आता सुंभाच्या गाठी आमच्यापेक्षा घट्ट मारतो. त्याची धाकटी बहीण दुपारी वर बसून पाढे म्हणते, आणि भांडी घासताना एखादा चुकला की आम्ही खालून ओरडतो.