शीड बदलावे, पण तळाला विचारून



पाबळच्या कोरड्या माळावर शिडाच्या होडीची कथा कशाला, असे कोणी म्हणेल. पण बैलगाडी हाकणाऱ्याला हा विषय निम्मा ठाऊकच असतो. ओझे मागे गेले की गाडी उलाळ होते. पुढे आले की जू बैलाच्या मानेवर बसते. गाडी तीच, ओझे तेच, जागा मात्र हातभर सरकलेली.

होडीवर अशा दोन जागा असतात. वाऱ्याचा सगळा जोर जणू शिडाच्या एका बिंदूत एकवटतो. होडी आडवी सरकू नये म्हणून पाणी तिला अडवते. तो अडसरही तळाच्या एका बिंदूत एकवटला आहे असे मानता येते. शिडाचा बिंदू मागे पडला, तर होडीचे तोंड वाऱ्याकडे वळते. फार पुढे गेला, तर वाऱ्यापासून दूर पळते. दोन्ही वेळी तिला वाटेवर ठेवण्याचे काम सुकाणूवर पडते.

हे बिंदू शोधायला मोठी विद्या नको. होडीचा पाण्याखालचा आकार पुठ्ठ्यावर कापा आणि सुईच्या टोकावर तोला. तळाचा बिंदू सापडला. त्रिकोणी शिडाच्या तिन्ही मध्यगा जिथे मिळतात, तो शिडाचा. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली याच पाबळात विज्ञान आश्रम काढला, तो हाताने करून शिकण्यासाठीच. तेव्हा हे घरी करून पाहा.

आता हिशेब मांडू. पाण्याच्या रेषेवर ८ मीटर लांब होडी घ्या. मोठे शीड २० चौरस मीटर, त्याचा बिंदू नाळेपासून ५ मीटरवर. पुढचे लहान शीड १० चौरस मीटर, बिंदू २ मीटरवर. वीस पाचे शंभर, दाही दुणे वीस. एकशेवीसला तीसने भागले की ४. दोन्ही शिडांचा मिळून बिंदू ४ मीटरवर आला. तळाचा बिंदू ४.८ मीटरवर आहे असे धरा. म्हणजे शीड ८० सेंटिमीटर, लांबीच्या दहा टक्के, पुढे आहे. कागदावर असे पाच ते पंधरा टक्के पुढे ठेवावेच लागते. कारण होडी कलली की शिडाचा जोर एका बाजूला जातो आणि तोंड वाऱ्याकडे वळू पाहते. आता सोय म्हणून पुढचे शीड काढून टाका. बिंदू ५ मीटरवर गेला, तळाच्याही मागे! सुकाणू सतत तिरके धरावे लागेल, वेग मरेल आणि दंड भरून येतील.

आपल्या कोकणी मचव्याची डोलकाठी पुढे झुकलेली असते आणि परबाणावरच्या शिडाचा काही भाग काठीच्या पुढे राहतो. तसल्या होडीला सगळे शीड काठीच्या मागे असणारी नवी तऱ्हा जशीच्या तशी बसवली, तर जोर मागे जाणारच. मग डोलकाठी पुढे न्यावी, नाळेवरून दांडा काढून पुढे शीड जोडावे, नाहीतर मागे तळ थोडा खोल करावा. काठी हलवली तर तिच्या पायाखाली नवा आधार हवा, हेही विसरू नये.

तोल साधल्यावर काय होते, हे ‘सुहैली’ने दाखवले. मुंबईत बांधलेली ही बत्तीस फुटी, दोन काठ्यांची सागवानी नौका. १४ जून १९६८ रोजी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तिच्यातून एकटे इंग्लंडहून निघाले आणि ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ला, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. एकट्याने विनाथांबा असे करणारे ते पहिले. वाटेत आपोआप सुकाणू धरणारे यंत्र मोडले. तेव्हा त्यांनी शिडे अशी तोलून लावली, की मालक झोपला तरी नौका आपली वाट धरून चाले.

मी कामगार चळवळीतला माणूस. कारखान्यात नवे यंत्र येते, वेग वाढतो. पण त्यापुढे उभ्या माणसाची पाठ किती वाकेल, हे मांडणीच्या वेळी पुष्कळदा कोणी मोजत नाही. शीड बदलू नका असे मी म्हणत नाही. नवे शीड जरूर घ्या. पण चूक नकाशात राहिली, तर तिची मजुरी सुकाणू धरणारा हात रोज भरतो. म्हणून नकाशा पुरा होण्याआधी त्या हाताला एकदा विचारा.