घरचा जुना संगणक आणि त्याचें वारंवार येणारें दुखणें



साहित्य, इतिहास, आरोग्य अशा विषयांवर भाषणें नेहमीं होतात. परंतु घराच्या कोपऱ्यांतील जुन्या संगणकाच्या दुखण्यावर कोणी बोलावें, असें सहसा घडत नाहीं. आणि तरीहि अशीं घरें थोडीं नाहींत, कीं जेथें दहाबारा वर्षांपूर्वीं घेतलेला संगणक मधूनच कोलमडतो, पडदा एकाएकीं निळा होतो, त्यावर इंग्रजींत कांहीं तरी भयसूचक मजकूर उमटतो, आणि घरांतील मंडळी म्हणतात, ‘झालें! याचें आयुष्य संपलें!’ दुरुस्तीच्या दुकानांतहि पुष्कळदां हाच निकाल ऐकूं येतो. नवा संगणक घेण्याची ऐपत सर्वांचीच नसते; आणि ज्यांची असते, त्यांच्याहि जुन्या यंत्रांत मुलांचीं छायाचित्रें, घरखर्चाचे हिशेब, गेलेल्या माणसांचीं पत्रें अशी ठेव असते. ती कोणत्याहि बाजारांत विकत मिळत नाहीं.

मला आज एकच गोष्ट आपल्या मनावर ठसवावयाची आहे. जो दोष एकदांच येऊन जातो, त्याचा माग काढणें जाणत्यालाहि कठीण; पण जो दोष पुनःपुन्हां येतो, तो आपल्या येण्याजाण्याच्या खुणा मागें ठेवीत असतो. हिवताप ओळखतांना ताप किती दिवसांआड चढतो, याकडे जुने वैद्य फार बारकाईनें पाहत. संगणकाच्या बाबतींतहि दुखण्याचें वारंवार येणें हीच जमेची बाजू आहे. आपण मात्र नेमकें त्यालाच घाबरतों.

प्रथम हा निळा पडदा म्हणजे काय, तें पाहूं. विंडोज या प्रणालीच्या अंतर्भागांत अशी कांहीं चूक घडली, कीं जिच्यानंतर काम चालू ठेवल्यास साठविलेली माहिती नासण्याचा संभव आहे, तर ती प्रणाली आपण होऊन थांबते आणि थांबण्याचें कारण संक्षिप्त संकेतांत पडद्यावर लिहिते. या संकेतास ‘स्टॉप कोड’ म्हणतात; कधीं कधीं त्याच्याजवळ संशयित फाइलीचें नांवहि दिलेलें असतें. हा मजकूर म्हणजे घटनेचा पंचनामा होय. तो न वाचतांच घाईनें यंत्र बंद करणारा मनुष्य हातचा पुरावा घालवीत असतो.

उपायांस हात घालण्यापूर्वीं एक काम अवश्य करावें. संगणक जोंवर अधूनमधून तरी सुरू होत आहे, तोंवर त्यांतील मोलाच्या ठेवीची नक्कल बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावी. आधीं छायाचित्रें, पत्रें व हिशेब. गाणीं आणि चित्रपट मागाहून. मात्र आंतील हार्ड डिस्कमधून टक्‌टक्‌ असा आवाज येत असेल, तर तिच्यावर कोणतीहि तपासणी चालवूं नये. तिच्यावर ताण पडून ती कायमची बंद पडण्याचा धोका असतो. अशा वेळीं यंत्र बंद करून जाणत्या माणसाच्या स्वाधीन करावें.

यानंतर एक साधी वही घ्यावी व तींत चार रकाने आंखावे: तारीख व वेळ, त्या वेळीं चाललेलें काम, पडद्यावरील संकेत, आणि त्यापूर्वीं यंत्रांत केलेला बदल. पुष्कळदां मजकूर वाचून होण्यापूर्वींच यंत्र आपोआप पुन्हां सुरू होतें. त्यावर इलाज सोपा आहे. सिस्टिमच्या प्रगत सेटिंगांत ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ म्हणून एक भाग आहे. तेथील ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ या शब्दांपुढील खूण काढली, कीं पडदा आपल्यासाठीं थांबतो. मोबाइलनें त्याचें छायाचित्र घ्यावें म्हणजे संकेत उतरतांना अक्षर चुकत नाहीं. शिवाय विंडोज ७ व विंडोज १० यांत ‘रिलायबिलिटी मॉनिटर’ नांवाची सोय असते. तींत दिवसवार आलेख असून, ज्या दिवशीं यंत्र कोलमडलें त्या दिवशीं तांबड्या वर्तुळांत फुली दिसते. मागील कांहीं दिवसांचा इतिहास तेथें आयताच मिळतो.

आठदहा नोंदी जमल्या, कीं त्या एकत्र वाचाव्या. प्रत्येक वेळीं संकेत तोच आणि फाइलहि तीच असेल, तर संशय बहुधा एखाद्या ड्रायव्हरवर, म्हणजे छपाईयंत्र, ध्वनि, चित्र इत्यादींचें काम पाहणाऱ्या छोट्या प्रणालीवर जातो. उलट एकदां ‘मेमरी मॅनेजमेंट’, एकदां ‘पेज फॉल्ट’, एकदां आणखी तिसरेंच, असे संकेत दर वेळीं निराळे येत असतील, तर रॅम किंवा वीजपुरवठा करणारा भाग, ज्याला दुकानदार एस.एम.पी.एस. म्हणतात, यांजकडे प्रथम पाहावें. उन्हाळ्यांत दुपारीं, किंवा चित्रफीत पाहतांनाच यंत्र बंद पडत असेल, तर पंख्यावर व त्याखालील धातूच्या पात्यांवर धुळीचा थर बसला असण्याचा संभव मोठा. पाण्याचा पंप सुरू होतांक्षणींच घात होत असेल, तर विजेची जोडणी तपासावी. संगणकाचें घड्याळ रोज मागें पडत असेल, तर मदरबोर्डवरील नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल संपत आलेला असतो. तो संपला कीं यंत्राच्या मूळ सेटिंगा बदलतात आणि कांहीं यंत्रांत हार्ड डिस्क सांपडेनाशी होऊन आरंभींच निळा पडदा येतो. दोष एका अल्पमोली सेलचा, आणि आळ येतो साऱ्या यंत्रावर!

चौथ्या रकान्याचें महत्त्व किती, हें साऱ्या जगानें १९ जुलै २०२४ रोजीं पाहिलें. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा-प्रणालीची एक सदोष फाइल त्या दिवशीं देशोदेशींच्या संगणकांत पोंचली, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणें सुमारें ८५ लाख यंत्रें निळ्या पडद्यावर अडकलीं. आपल्या देशांतहि विमानतळांवर प्रवाशांना हातानें लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्या यंत्रांचा एकहि भाग मोडला नव्हता. ‘सेफ मोड’मध्यें, म्हणजे अत्यावश्यक तेवढ्याच साधनांनिशीं यंत्र सुरू करून ती एक फाइल काढून टाकली, कीं तें पूर्ववत् चालूं लागे. म्हणून पहिला प्रश्न नेहमीं हाच विचारावा: दुखणें सुरू होण्यापूर्वीं शेवटचा बदल कोणता झाला?

आतां उपायांचा क्रम. त्याचा मुख्य नियम असा कीं, एका वेळीं एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम वहींत टिपावा. वर्गांत गोंगाट होत असतां मास्तरांनीं पांच मुलांना एकदम बाहेर काढलें, तर वर्ग शांत होईल. पण गोंगाट करणारा कोण, तें कळणार नाहीं, आणि चौघांवर अन्याय होईल. दुसरा नियम असा कीं, बिनखर्चाचे उपाय आधीं करावे. शेवटचा बदल मागें घ्यावा, धूळ काढावी, रॅमच्या पट्ट्या काढून पुन्हां नीट बसवाव्या, विंडोजमधील मेमरीची तपासणी चालवावी, मग हार्ड डिस्क तपासावी. नवीन भाग विकत घेणें त्यानंतर, आणि सारें पुसून विंडोज नव्यानें घालणें सर्वांच्या शेवटीं. पेटी उघडण्यापूर्वीं विजेची तार काढावी, अंगांतील स्थिर वीज निघून जावी म्हणून पेटीच्या उघड्या धातूस हात लावावा, आणि पट्टी कडांनींच धरावी. एस.एम.पी.एस.ची पेटी मात्र घरीं कधींहि उघडूं नये; तार काढल्यावरहि तींत धोकादायक वीज उरलेली असूं शकते.

एक उदाहरण सांगतों. माझ्या शेजारच्या एका वृद्ध बाईंनीं आपल्या आईच्या तोंडच्या जात्यावरच्या चारएकशें ओव्या २०१३ सालीं घेतलेल्या संगणकावर टिपून ठेविल्या होत्या. यंत्र वारंवार कोलमडूं लागलें. दुकानांत सांगण्यांत आलें, ‘सर्व पुसून विंडोज नव्यानें घालूं; तरीहि नाहीं चाललें तर नवा घ्या.’ बाईंनीं यंत्र परत आणलें. आम्हीं प्रथम ओव्यांची नक्कल पेन ड्राइव्हवर घेतली. मग बाईंनीं वही ठेविली: अकरा दिवसांत सात घात, आणि संकेत पांच प्रकारचे. धूळ काढली, फरक नाहीं. मेमरीची तपासणी लावली, तों दोष दिसूं लागले. रॅमच्या पट्ट्या दोन होत्या. एकेक पट्टी त्याच स्लॉटमध्यें लावून तपासली, तेव्हां एक रात्रभर निर्दोष ठरली, दुसरी कांहीं मिनिटांतच नापास झाली. दुसरीचीं सोनेरी टोकें खोडरबरानें हलकेच पुसून पाहिलीं; तरीहि ती नापासच. तेव्हां ती काढून ठेविली. पुढें दोन महिने वहींत नवी नोंद झाली नाहीं. कमी पडणारी रॅम मागाहून जुन्या बाजारांतून अल्प किमतींत मिळाली. विंडोज नव्यानें घातलें असतें, तर सदोष पट्टी जागच्या जागीं राहिली असती, घातहि चालूच राहिले असते, आणि ओव्या तेवढ्या गेल्या असत्या.

प्रत्येक यंत्र असें वांचतेंच असें नाहीं. मदरबोर्डवरील कपॅसिटर नांवाच्या छोट्या नळकांड्यांचे माथे फुगलेले दिसले, तर कुशल कारागिरावांचून इलाज नाहीं, आणि खर्चाचा विचार करून तेथें थांबणेंच शहाणपणाचें. शिवाय दुरुस्त झालेलें यंत्र सुरक्षित असतेंच असेंहि नव्हे. मायक्रोसॉफ्टनें विंडोज ७चा आधार १४ जानेवारी २०२० रोजीं, आणि विंडोज १०चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविला. अशा यंत्रावर लिहावें, वाचावें, हिशेब ठेवावे, छायाचित्रें पाहावीं. पण बँकेचे व्यवहार करूं नयेत. इंटरनेट हवेंच असेल, तर विनामूल्य मिळणारी लिनक्स प्रणाली जाणत्याकडून घालून घ्यावी. जुन्या यंत्रांना मानवणारे तिचे हलके प्रकार आहेत.

असो. ‘त्याचें वय झालें’ हें वाक्य आपण यंत्राविषयीं फार लौकर उच्चारतों. तें निदान नव्हे. तें निदानाचे कष्ट टाळण्याचें निमित्त आहे. वय झालेल्या यंत्राचाहि एखादाच भाग आधीं थकतो, आणि तो कोणता हें तें यंत्र आपल्या परीनें पुनःपुन्हां सांगत असतें. आज रात्रीं आपल्या घरचा पडदा निळा झाला, तर घाबरूं नका. वही उघडा, वेळ लिहा, संकेत उतरून घ्या. आणि तत्पूर्वींच, म्हणजे हें भाषण संपतांच, त्या जुन्या ठेवीची नक्कल काढून ठेवा.