आपला तास सोडू नका



आज कलाशिक्षक पदविका (ए.टी.डी.) हाती घेणाऱ्या तुम्हा सर्वांचं अभिनंदन. तुमच्या घरच्यांचंही अभिनंदन, कारण रंग, कागद आणि सबमिशनच्या फ्रेमांचा खर्च त्यांनी सोसला आहे. समोर बसलेल्यांत काही चेहरे प्रौढ दिसतात. कुणी नोकरी सोडून आलं असेल, कुणी मुलं मोठी झाल्यावर. त्यांच्याशी मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण मीही चाळिशी ओलांडल्यावर कॉलेजात गेलो.

त्याआधी मी पेंटर होतो. सांगलीत आमचं बोर्ड रंगवायचं दुकान होतं. दुकान माझ्या उस्तादांचं. मी दहावी झाल्यावर तिथे लागलो आणि पुढे तेच चालवायला घेतलं. दुकानात बाबूराव पेंटरांचा फोटो असायचा, त्याला रोज हार. उस्ताद सांगायचे, हा कोल्हापूरचा माणूस नाटकांचे पडदे रंगवायचा, कुठल्या आर्ट स्कूलचं तोंड पाहिलं नाही, स्वतः कॅमेरा बनवला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ हा सिनेमा काढला. चित्रकार हुसेनही मुंबईत सिनेमाची होर्डिंग्ज रंगवत होते, हेही ते अभिमानाने सांगायचे. बोर्ड रंगवणारा कुणापेक्षा कमी नाही, ही गोष्ट मी तिथे शिकलो आणि ती अजून माझ्याजवळ आहे.

कामाला तोटा नव्हता. साखर कारखाने, दूध संघ, पतसंस्था, रसवंत्या, ट्रकच्या मागचे फाळके, एस.टी. स्टँडासमोरच्या खानावळी. आणि निवडणुका. ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत भिंती आमच्या असायच्या. दिवसा चुना मारून भिंत वाळवायची आणि रात्री गॅसबत्तीच्या उजेडात अक्षरं उभी करायची. मग निवडणूक आयुक्त शेषनसाहेबांच्या काळात आचारसंहिता कडक झाली. १९९५ मध्ये राज्यात मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायदा आला आणि विनापरवाना भिंत रंगवणं गुन्हा ठरलं. कायद्याबद्दल माझी तक्रार नाही, शहरं घाण दिसत होती हे खरं आहे. पण निवडणुकीच्या कमाईवर आमची वर्षं निघत होती. त्यातून सावरतोय तोवर नंबरप्लेटा रेडियमवाल्याकडे गेल्या आणि दोन हजार सालानंतर फ्लेक्स आला. चार दिवसांचं काम चार तासांत, तेही फोटोसकट. माझ्याकडे शिकलेली पोरं फ्लेक्सच्या दुकानात माऊस धरून बसली. एक जण भाजी विकायला लागला. त्याच्यासारखा देवनागरी हात मी नंतर पाहिला नाही. त्याचं एकही अक्षर आज कुठल्या भिंतीवर उरलेलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

काम असं आटल्यावर मी कॉलेजात जायचं ठरवलं. शाळेत असताना दिलेल्या इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेचं प्रमाणपत्र आईने ट्रंकेत जपून ठेवलं होतं. त्याच्या जोरावर मला ए.टी.डी.ला प्रवेश मिळाला. बायकोने शिलाई मशीनवर घर चालवलं. मुलगा तेव्हा एलिमेंटरी परीक्षेची तयारी करत होता. संध्याकाळी आम्ही बापलेक एकाच स्टुलावर ठेवलेली तीच किटली आणि तेच लिंबू काढत बसायचो.

वर्गातली मुलंमुली मला काका म्हणायची. प्राध्यापक माझ्याहून लहान. ते “अहो पेंटर” म्हणून हाक मारायचे, आणि त्या हाकेत कमीपणा कधी नव्हता. वस्तुचित्राच्या तासाला ते माझ्यामागे उभे राहून म्हणायचे, “पेंटर, हात थांबवा, आधी बघा.” बोर्ड रंगवणाऱ्याचा हात पाठ असलेलं काढतो. गिऱ्हाईक घाईत असतं, परातीवर ढीग लावलेले पेढे कसे दिसतात हे हाताला ठाऊक असतं, आणि ब्रश फिरतो. वस्तुचित्रात समोरच्या तांब्याची कड इथे उजेडात विरते, तिथे सावलीत बुडते. ती डोळ्यांनी पकडल्याशिवाय कागदावर येत नाही. पेन्सिल हाताच्या अंतरावर धरून माप घ्यायचं, एक डोळा मिटायचा, पुन्हा बघायचं. इतकी वर्षं रंगांत घालवून मी बघायला तिथे शिकलो. उशिरा आलेल्यांनो, तुमच्या हाताला लागलेली सवय सुटायला वेळ लागतो. पण ते बघणं एकदा जमलं की विशीतल्या मुलापेक्षा तुम्हाला जास्त दिसतं, कारण तुम्ही जास्त जगलेले आहात.

आमच्या बॅचच्या मुलांना अक्षरलेखन चौकटी मोजून शिकवत होते. प्रत्येक अक्षराला सारखी जागा दिली की शब्द फाटका दिसतो. ‘र’ला जागा कमी लागते, ‘क्ष’ला जास्त. हे अंतर पट्टीने ठरत नाही, नजरेने ठरतं. सुट्टी झाल्यावर व्हरांड्यात मी त्यांना चपटा ब्रश धरायला शिकवू लागलो. आपण शिकवू शकतो, हे मला सराव पाठांच्या आधी त्या व्हरांड्यात कळलं.

धुरंधरांचं आत्मवृत्त तुम्ही वाचलं नसेल तर वाचा. ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे त्याचं नाव. एवढा मोठा चित्रकार, जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थी म्हणून आला आणि तिथेच शिकवत राहिला. त्या शाळेत घालवलेली वर्षं त्याने शीर्षकातच सांगून ठेवली. आजकाल चित्रकार म्हणवणाऱ्यांना कलाशिक्षक म्हटलं की कमीपणा वाटतो. ते मला पटत नाही.

पण हा कमीपणा कुठून येतो हेही मी पाहिलं आहे. मी आधी तासिका तत्त्वावर शिकवलं, मग विनाअनुदानित शाळेत. शाळांची नावं घेत नाही. कलाशिक्षक म्हणजे गॅदरिंगचा पडदा, पाहुण्यांच्या स्वागताचा फलक, इन्स्पेक्शनची रांगोळी, प्रमाणपत्रांवर सुंदर अक्षरात नावं आणि जिन्यातले सुविचार. हे सगळं मी आनंदाने केलं, हात त्यातलाच होता. पण हे करत असताना माझे वर्ग कुणी घेत नव्हतं. आणि दिवाळी झाली की अभ्यासक्रम राहिलेले शिक्षक दारात यायचे. “सर, तुमचा तास द्या ना, गणिताचा पोर्शन राहिलाय.” मुख्याध्यापक मान हलवायचे. १९७० पासून असंच चाललंय, असं एका मुख्याध्यापकांनी मला ऐकवलं होतं.

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने कलाशिक्षणाला दहावीपर्यंत सक्तीचा विषय म्हटलं होतं. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, शंभरावर मुलं असतील तर, अर्धवेळ कला निदेशक लिहिलेला आहे. कागदावर आपण आहोत. माझ्या तालुक्यात मात्र मी पाहिलेल्या शाळांत कलाशिक्षक निवृत्त झाला की त्याची जागा तशीच राहते, आणि वेळापत्रकात ‘चित्रकला’ हा शब्द उरतो.

एका मुलीची गोष्ट सांगतो. आमच्या शाळेत हंगामात ऊसतोड मजुरांची मुलं यायची, मराठवाड्यातून आलेली. त्यांतली ही मुलगी सातवीत बसायची, मागच्या बाकावर, कुणाशी बोलायची नाही. स्मरणचित्राला मी विषय दिला होता, ‘आमचं गाव’. बाकीच्यांनी देऊळ, नदी, डोंगरामागचा सूर्य काढला. हिने रात्र काढली. कारखान्याच्या काट्यासमोर उभी असलेली बैलगाड्यांची रांग, बैल बसलेले, गाडीखाली झोपलेली माणसं, लांब कोपींचे, म्हणजे मजुरांच्या झोपड्यांचे, काळे त्रिकोण आणि मधे एकच पिवळा दिवा. पेन्सिल आणि तेलखडू, एवढ्यावर. चित्र पूर्ण झालं नव्हतं. दिव्याचा उजेड बैलांच्या शिंगांवर कसा पडेल हे तिला कळत नव्हतं. मी सांगितलं, पुढच्या तासाला आपण तेच बघू.

पुढच्या आठवड्यात माझा तास गणिताला गेला. त्याच्या पुढच्या आठवड्यात चाचणीची उजळणी. नंतर मला शाळेच्या वर्धापनदिनाच्या कमानीला लावलं. मला तो वर्ग पुन्हा मिळाला तेव्हा हंगाम संपला होता आणि कोपी उठल्या होत्या. रेघांच्या वहीतून फाडलेलं ते चित्र माझ्या कपाटात आहे, शिंगांवर उजेड नसलेलं. ती मुलगी आता पंचविशीच्या पुढे असेल. तिने पुन्हा कधी हातात खडू धरला का, हे मला माहीत नाही.

म्हणून तुम्हाला एवढंच कळकळीने सांगतो. पगार कमी मिळेल, पडदे रंगवावे लागतील, रांगोळ्या घालाव्या लागतील, त्याबद्दल तुमचं तुम्ही ठरवा. तास मात्र देऊ नका. गणिताच्या शिक्षकांशी भांडू नका, त्यांच्यावरही निकालाचं ओझं आहे. त्यांना अदबीने सांगा की हा तास माझा नाही, या मुलांचा आहे, आणि तुम्हाला हवाच असेल तर मुख्याध्यापकांनी तसं लेखी द्यावं. लेखी द्यायला सहसा कुणी तयार होत नाही. पालकसभेत उभे राहून तुमच्या वर्गात मुलं काय काढतात ते दाखवा. एकदा आईबापांनी चित्र पाहिलं की तास मागायला येणारा दोनदा विचार करतो.

जूनमध्ये तुमच्या हातात वेळापत्रक येईल. त्यात आठवड्याला दोनच तास असतील, कदाचित एकच. तो घ्या, प्रत्येक आठवड्याला घ्या, आणि कुणालाही देऊ नका.