उतारवय, ताण आणि सांभाळणारी माणसं

(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये झालेल्या आरोग्यविषयक कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. बँकेत ३६ वर्षं काढली आणि गेली तीन वर्षं घरी अर्धांगवायूच्या पेशंटला, म्हणजे आमच्या सौ.ला, सांभाळतो आहे. त्या निमित्ताने थोडं वाचलं, थोडं फॅमिली डॉक्टरांचं डोकं खाल्लं. तेवढ्या भांडवलावर बोलतो.

'ताण' म्हटलं की आपल्याला धावपळ आठवते. मलाही बँकेतलं सहामाही क्लोजिंग आठवतं. लेजर जुळत नसे, चार आण्यांच्या फरकासाठी रात्रीचे बारा वाजत. छातीत धडधड, हाताला घाम. पण फरक सापडला की चहा यायचा, हशा व्हायचा आणि घरी जाऊन माणूस गाढ झोपायचा. असा ताण शरीराला झेपतो. संकट दिसलं की मूत्रपिंडांवरच्या दोन छोट्या ग्रंथी अॅड्रेनलिन आणि कॉर्टिसोल सोडतात, नाडी वाढते, रक्तात साखर येते. संकट टळलं की सगळं खाली येतं. निसर्गाने ही सोय काही मिनिटांसाठी, फार तर काही तासांसाठी केलेली आहे.

क्लोजिंग संपतच नसेल तर काय होतं, हा खरा प्रश्न. हान्स सेल्ये नावाच्या शास्त्रज्ञाने कॅनडात मॉन्ट्रियल इथे उंदरांवर प्रयोग करून १९३६ साली दाखवलं, की छळ कुठल्याही प्रकारचा असो, थंडीचा, इजेचा किंवा अति श्रमाचा, शरीरावरच्या खुणा सारख्याच उमटतात. त्या ग्रंथी सुजतात, प्रतिकारशक्तीशी संबंधित थायमस आक्रसते आणि पोटात अल्सर होतात.

माणसांचं म्हणाल, तर मला सगळ्यात पटला तो लंडनच्या सरकारी नोकरांचा अभ्यास. 'व्हाइटहॉल' या नावाने तो ओळखला जातो. १९६७ पासून सुमारे १८ हजार पुरुष कर्मचाऱ्यांची पाहणी झाली. आपली समजूत काय, की मोठ्या साहेबाला टेन्शन जास्त, त्यालाच हार्ट अटॅक येणार. निघालं उलटंच. सगळ्यात खालच्या श्रेणीतल्या, निरोप्या-दरवान अशा लोकांत हृदयविकाराने होणारे मृत्यू वरच्या साहेबांच्या सुमारे तिप्पट! विड्या-सिगारेटी, ब्लडप्रेशर, कोलेस्टेरॉल हे सगळं धरूनही तो फरक पूर्ण उलगडत नव्हता. पुढे १९८५ पासून बायकांनाही घेऊन दुसरी पाहणी झाली, तेव्हा एक गोष्ट पुढे आली. ज्याच्या हातात स्वतःच्या कामाचं काहीच नाही, किती करायचं, कधी करायचं हे ठरवता येत नाही, त्याच्या हृदयाला धोका जास्त. बँकेत मी हे डोळ्यांनी पाहिलंय. मॅनेजर ओरडून मोकळा व्हायचा, कॅशियर मात्र मुकाट नोटा मोजत राहायचा.

घरात आजारी माणूस सांभाळणाऱ्याची गत त्या कॅशियरसारखीच असते. वेळ त्याची नाही, झोप त्याची नाही, आणि रिटायरमेंटची तारीखही ठरलेली नाही.

अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात १९९५ साली एक छोटा प्रयोग झाला. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाला सांभाळणाऱ्या १३ स्त्रिया घेतल्या आणि त्याच वयाच्या, तशी जबाबदारी नसलेल्या आणखी १३. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची एकसारखी जखम करून ती किती दिवसांत भरते ते पाहिलं. मोकळ्या बायकांची जखम सरासरी ३९ दिवसांत भरली, सांभाळणाऱ्यांची त्याहून ९ दिवस उशिरा. २६ बायकांचा प्रयोग म्हणजे फार मोठा नव्हे, हे मान्य. पण पुढच्या वर्षी त्याच शास्त्रज्ञांना दिसलं, की सांभाळणाऱ्यांच्या शरीराने फ्लूच्या लशीलाही कमी प्रतिसाद दिला.

त्यात आपलं वय. कॉर्टिसोल सकाळी चढतं आणि रात्री उतरतं, पण उतारवयात ते रात्री पूर्वीइतकं खाली जात नाही. वर्षानुवर्षं चढं राहिलं तर पोटाचा घेर वाढतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, झोप विरळ होते. झोप विरळ झाली की पुन्हा ताण. कर्जावरचं व्याज थकलं की ते मुदलात जमा होतं, तसंच हे.

माझंच सांगतो. नोकरीत असताना कधी नव्हतं ते ब्लडप्रेशर हिच्या आजारपणाच्या दुसऱ्या वर्षी लागलं. डॉक्टरांनी मीठ-तेल नंतर विचारलं. आधी विचारलं, "काका, रात्री किती वेळा उठता?" मी म्हटलं, चार-पाच वेळा. त्यांनी गोळी लिहून दिली आणि म्हणाले, गोळी चालू ठेवाच, पण आठवड्यातून दोनदा कुणाला तरी घरात बसवून बाहेर पडत जा. वयामुळेही बीपी वाढतं, सगळं खापर ताणावर फोडता येणार नाही, हेही त्यांनी सांगितलं.

तेव्हापासून बी विंगच्या एक वहिनी दर गुरुवारी संध्याकाळी येतात. हिचा उजवा हात चालत नाही, पण डाव्या हाताने ती रमी खेळते आणि बहुतेक वेळा जिंकते. (वहिनी मुद्दाम हरतात असा माझा संशय आहे.) मी दोन तास कुठेही जातो. कधी भाजी आणतो, कधी पंपरूमजवळच्या बाकावर नुसता बसतो. गुरुवारी रात्री मला झोप बरी लागते.

'टेन्शन घेऊ नका' हे वाक्य मला बिलकुल आवडत नाही. टेन्शन काय, कुणी पिशवी घेऊन मंडईतून आणतं? भेटायला येणारे पेशंटची चौकशी करतात, पथ्य सांगतात, शहाळं ठेवतात आणि जातात. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला, तू जेवलास का, असं क्वचितच कोणी विचारतं.

२५ वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा लिफ्टमध्ये शाळेच्या दप्तरांची गर्दी असायची. आता व्हीलचेअर आधी जाऊ द्यावी लागते. मुलं बेंगळुरूला, पुण्याला, परदेशात. मला माहीत असलेली सात घरं अशी आहेत, जिथे सत्तरीचं एक माणूस सत्तरीच्याच दुसऱ्याला उचलून बसवतंय. ही घरं तक्रार करत नाहीत, त्यामुळे मीटिंगच्या अजेंड्यावरही येत नाहीत. लीकेज येतं, पार्किंग येतं.

कमिटीच्या परवानगीने वॉचमनच्या केबिनमध्ये एक वही ठेवली आहे. डाव्या पानावर ज्यांना दोन तास हवेत त्यांनी फ्लॅट नंबर आणि वार लिहायचा. उजव्या पानावर ज्यांना देता येतील त्यांनी. औषधपाणी, उचलणं असलं काही करायचं नाही, नुसतं सोबत बसायचं आणि गरज पडली तर फोन करायचा. डावं पान लिहायला लोक लाजतील हे गृहीत धरून मी तिथे पहिला नंबर माझाच घातला आहे, सोमवार, पाच ते सात. उजवं पान आज सकाळपर्यंत कोरं होतं.